घरच्या भट्टीला पाइपचा गॅस: सोलापुरात मातीकाम सुरू करणाऱ्यांसाठी

गॅसच्या भट्टीचा विचार डोक्यात आला की आपण आधी भट्टीच बघायला निघतो. आत जागा किती, विटा कुठल्या, दार कसं, किंमत काय. 'गॅस तर घरात आलेलाच आहे, लाइनचं नंतर बघू' असं म्हणून तो विषय शेवटावर टाकला जातो. नव्या लोकांना मला कळकळीनं सांगायचंय ते याच्या उलट आहे. भट्टीचा बयाणा द्यायच्या आधी घराबाहेरच्या गॅस मीटरपाशी जाऊन उभे राहा. तुमची भट्टी किती मोठी असू शकेल आणि किती तापेल, हे बरंचसं तिथंच ठरलेलं असतं. भट्टी दारात उतरल्यावर लाइन पुरत नाही असं कळलं, तर अकराशे अंशांच्या आसपास काटा अडून बसतो, तासन् तास गॅस जळत राहतो आणि ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, काही वितळत नाही.

पुढचं सगळं बंगला, रो-हाउस किंवा मोकळं अंगण असलेल्या घरासाठी आहे. फ्लॅटमध्ये, बाल्कनीत किंवा बंद पार्किंगमध्ये गॅसची भट्टी लावू नका. तिथं विजेची छोटी भट्टी बरी. आणि एक पथ्य पहिल्यापासून पाळा: गॅसचा कुठलाही पाइप स्वतः कापायचा नाही, जोडायचा नाही. ते काम गॅस कंपनीनं मान्य केलेल्या फिटरचं. आपण हिशेब करायचा, नेमके प्रश्न विचारायचे आणि झालेलं काम नीट तपासून घ्यायचं.

आधी हिशेब

भट्टीची आतली लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करा. 2 फूट बाय 2 फूट बाय अडीच फूट म्हणजे 10 घनफूट. हलक्या इन्सुलेशन विटांच्या भट्टीला 1,200 ते 1,300 अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला घनफुटामागे तासाला साधारण 8,000 ते 10,000 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता लागते. जड अग्निविटांची जाड भिंत असेल तर हाच आकडा 16,000 पर्यंत जातो, कारण अशी भिंत स्वतःच भरपूर उष्णता पिऊन बसते. म्हणून घरच्या भट्टीला हलक्याच विटा घ्या. पहिल्यांदा पैसे जास्त जातात, पण लाइनवरचा भार जवळपास निम्म्यावर येतो.

आता 10 घनफुटांच्या हलक्या भट्टीला तासाला 1,00,000 बीटीयू धरू. एक घनमीटर नैसर्गिक गॅसमधून साधारण 36,000 बीटीयू मिळतात. म्हणजे भट्टी पूर्ण जोरात असताना तासाला सुमारे 2.8 घनमीटर गॅस हवा.

मीटरच्या तबकडीवर बघा. घरगुती जोडणीला बहुधा जी 1.6 हे मीटर असतं, आणि त्यातून जास्तीत जास्त तासाला 2.5 घनमीटर गॅस जाऊ शकतो. स्वयंपाकघरातली शेगडी त्याच मीटरवर चालते, तिचाही वाटा आहेच. 10 घनफुटांची भट्टी इथं बसत नाही. त्याच मीटरवर 5-6 घनफुटांची भट्टी बसू शकते, तीही शेगडीचा भार जमेस धरून. मोठीच भट्टी हवी असेल तर जी 4 मीटर मागावं लागेल, त्याची मर्यादा तासाला 6 घनमीटर आहे. मीटरसोबतच्या रेग्युलेटरलाही अशीच मर्यादा असते. फक्त मीटर बदलून तोच रेग्युलेटर ठेवला तर काहीच साधत नाही, तेव्हा दोन्हींबद्दल एकदमच विचारा.

दाब आणि प्रवाह यांत नव्या माणसाची हमखास गल्लत होते. सोलापुरात नळाला पाणी आलं की पहिली पाच मिनिटं धार जोरात असते आणि गल्लीतल्या चार मोटारी सुरू झाल्या की तीच धार करंगळीएवढी होते. गॅसचंही तसंच. बर्नर बंद असताना घरगुती लाइनवर 21 मिलिबार दाब अगदी बरोबर दिसतो. खरा प्रश्न असा, की सगळे बर्नर पूर्ण उघडल्यावर तो किती उरतो.

तुम्ही फक्त पणत्या, सुगडं, कुंड्या असा साध्या लाल मातीचा माल करणार असाल, तर 1,000 अंशांच्या आसपास काम भागतं आणि इतका भार लागतही नाही. संक्रांत आणि दिवाळी धरून काम करणाऱ्यांनी उगाच स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापवून दगडासारख्या घट्ट भाजलेल्या भांड्यांच्या, तापमानाची भट्टी घेऊ नये. पहिली दोन वर्षं छोटी भट्टी वापरा, असंच मी सांगेन. ती लवकर भरते, त्यामुळे भाजण्या जास्त होतात, आणि हात भाजण्या करूनच बसतो.

कंपनीकडे काय मागायचं

अर्ज करताना 'भट्टी लावायची आहे' एवढ्यावर थांबू नका. तासाला कमाल किती घनमीटर लागेल, मीटरपासून भट्टीपर्यंत अंतर किती, बर्नर किती आणि किती दाबावर चालणारे, हे कागदावर लिहून द्या. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा. माल विकणार असाल तर तेही स्पष्ट सांगा, घरगुती जोडणी चालेल की व्यावसायिक घ्यावी लागेल हे लेखी विचारा. दर वेगळा पडेल, पण पुढं कटकट होणार नाही.

लाइन गल्लीत अजून आली नसेल आणि तोवर सिलिंडरवर भागवायचं असेल, तर घरगुती 14.2 किलोचा लाल सिलिंडर भट्टीला लावणं कायद्यानं चालत नाही. व्यावसायिक 19 किलोचा घ्या. पण सिलिंडरचे बर्नर आणि पाइपच्या गॅसचे बर्नर वेगळे असतात, याबद्दल पुढं सांगतो.

जागा

भट्टी उघड्या शेडखाली हवी, किमान दोन बाजू मोकळ्या. नैसर्गिक गॅस मुख्यतः मिथेन असतो आणि हवेपेक्षा बराच हलका, त्यामुळे गळती झाली की वर चढतो. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून पाइपच्या गॅसच्या शेडला पत्र्याच्या सर्वात उंच जागी, आढ्यापाशी, हवा जायला फट सोडायलाच हवी. सगळीकडून घट्ट बसवलेला पत्रा इथं धोक्याचा. गॅसचा अलार्म लावणार असाल तर तोही वर, छतालगत.

भट्टीच्या चहूबाजूंनी निदान तीन फूट मोकळी जागा ठेवा. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांना लाकडी तुळया असतात. अशा छताखाली किंवा त्याला लागून भट्टी नको, धुराडंही तिथून नेऊ नका.

आपल्याकडे काळजी घ्यायची ती काळ्या मातीची. प्लॉट काळ्या मातीवर असेल तर उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. त्यावर नुसतं सहा इंच काँक्रीट ओतून भट्टी ठेवली तर दोन पावसाळ्यांत तळ कलतो, दार बसेनासं होतं. त्याहून वाईट म्हणजे भट्टीला पक्का जोडलेला पाइप त्या हालचालीनं ताणला जातो आणि जोड सैल होतो. काळी माती उकरून मुरूम लागेपर्यंत खाली जा, मुरूम भरून धुम्मस करा, मग सळईचं काँक्रीट टाका. मुरूम फार खोल असेल तर एखाद्या स्थापत्य अभियंत्याला दाखवा. या कामात कंजुषी करू नका, कारण पुढची सगळी जोडणी यावर उभी राहते.

पाइप

जमिनीखालून न्यायचा असेल तर कंपन्या पिवळा किंवा केशरी पॉलिथिलिनचा पाइप वापरतात. तो गंजत नाही आणि माती हलली तरी थोडा वाकतो. पण त्याला ऊन सोसत नाही, म्हणून जमिनीवर आला की तिथून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) किंवा तांब्याचा पाइप लागतो. सोलापूरच्या उन्हात प्लास्टिकचा पाइप भिंतीवरून उघडा नेलेला दिसला तर काम तिथंच थांबवा.

जाडीचा प्रश्न इथं येतो. शेगडीला अर्धा इंची पाइप पुरतो, म्हणून फिटर भट्टीलाही तोच सुचवतो. 'होतंय ओ, काय होत नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका. 21 मिलिबारला, 15 मीटर अंतरावर, अर्धा इंची पाइपातून दाब फारसा न पडता तासाला साधारण 2 घनमीटरच गॅस जातो. पाऊण इंचीतून सव्वाचार, एक इंचीतून आठ. शिवाय प्रत्येक कोपर म्हणजे काही फूट जादा पाइप धरावा लागतो. 10 घनफुटांच्या भट्टीला पाऊण इंच ही किमान जाडी, आणि अंतर 20 मीटरच्या पुढं असेल तर सरळ एक इंची घाला.

लाइनवर दोन बॉल व्हॉल्व्ह मागा. एक मीटरपाशी, फक्त भट्टीच्या फाट्यासाठी. दुसरा भट्टीजवळ, पण भट्टीपासून निदान पाच-सहा फुटांवर, अशा जागी की भट्टी पेटलेली असतानाही तिच्यासमोर न जाता तो बंद करता येईल. दांडा पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. घरातल्या प्रत्येकाला हे दाखवून ठेवा, आजीला आणि मोठ्या मुलांनाही. शेवटचा तुकडा गॅससाठीच बनवलेल्या स्टीलच्या लवचीक नळीचा असावा. शेगडीची रबरी नळी भट्टीला कधीच लावू नका.

फिटरकडून आणखी एक छोटी वस्तू करून घ्या, भट्टीजवळ दाब मोजायचं निपल, त्याला लहान व्हॉल्व्ह आणि बूच.

बर्नर आणि सुरक्षा व्हॉल्व्ह

बाजारात मिळणारे बरेचसे भट्टी बर्नर सिलिंडरच्या जादा दाबासाठी बनवलेले असतात. त्यांच्या जेटचं, म्हणजे गॅस सुटायच्या तोटीचं, भोक बारीक असतं, गॅस जोरात सुटतो आणि त्या जोरावर तो हवा ओढून घेतो. असा बर्नर 21 मिलिबारच्या लाइनला जोडला तर मलूल ज्योत मिळते, आणि भट्टी काही तापत नाही. जेट मोठा केला तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण हवा ओढायची ताकद कमी पडते. भट्टी बनवणाऱ्याला स्पष्ट सांगा: नैसर्गिक गॅस, 21 मिलिबार, तासाला इतके घनमीटर. उलट बाजूनं, नैसर्गिक गॅसचा मोठ्या भोकाचा जेट सिलिंडरला कधी लावू नका, काजळीसकट भलीमोठी पिवळी ज्योत बाहेर येते.

ब्लोअरचा बर्नर घेतलात तर वीज गेल्यावर काय होईल हे विचारा. ब्लोअर थांबला आणि गॅस चालूच राहिला, तर न जळालेला गॅस भट्टीत भरतो. म्हणून वीज जाताच आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि हवेचा दाब कमी झाला की गॅस तोडणारा स्विच, दोन्ही हवेत. वीज परत आल्यावर गॅस आपणहून सुरू होता कामा नये, हातानेच सुरू करावा लागला पाहिजे. माझं मत विचाराल तर घरच्या छोट्या भट्टीला ब्लोअर नसलेले बर्नरच बरे. विजेवर अवलंबून राहावं लागत नाही, आवाज कमी, बिघडायच्या वस्तूही कमी.

प्रत्येक बर्नरला ज्योत विझल्यावर गॅस तोडणारा थर्मोकपलचा (ज्योतीची उष्णता ओळखणाऱ्या तारेचा) सुरक्षा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. भट्टी आतून लालभडक झाल्यावर, साधारण 750 अंशांच्या वर, आत शिरलेला गॅस आपोआप पेट घेतो. धोका त्याआधीच्या काही तासांत असतो, जेव्हा ज्योत बारीक ठेवलेली असते, वाऱ्याची झुळूक येते आणि बर्नर गुपचूप विझतो. हवेत मिथेनचं प्रमाण 5 ते 15 टक्के झालं की ठिणगी पुरते. हा व्हॉल्व्ह नसलेली भट्टी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

व्हॉल्व्हची चाचणी सोपी आहे. बर्नर पेटवा, पाच मिनिटं चालू द्या. मग मागचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा म्हणजे ज्योत विझेल. कान देऊन थांबा. साधारण मिनिटभरात सुरक्षा व्हॉल्व्हमधून 'टक्' असा आवाज येतो. आता बॉल व्हॉल्व्ह पुन्हा उघडा: बर्नरमधून गॅस येता कामा नये. आला तर भट्टी वापरू नका.

जोडणी झाल्यावर

गॅस सोडायच्या आधी फिटर लाइनमध्ये हवा भरून दाबाची चाचणी घेतो. तेव्हा समोर उभे राहा आणि काटा खाली येत नाही ना हे स्वतः बघा. गॅस आल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचं दाट पाणी ब्रशनं लावा. अंधुक उजेडात नाही, भर उन्हात बघा, बारीक बुडबुडे लगेच दिसतात. सावकाश फुगणारा एक बुडबुडासुद्धा गळतीच. काडी पेटवून तपासणाऱ्याला गेटाबाहेर काढा.

मग मॅनोमीटर, म्हणजे पाण्याच्या पातळीवरून दाब मोजायचं घरगुती साधन. पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात फळीवर बांधा, प्रत्येक बाजू निदान 40 सेंटिमीटर उंच हवी. निम्म्यापर्यंत पाणी भरा, त्यात कपड्यांची निळी चिमूटभर टाका म्हणजे पातळी लांबून दिसते. मधे मोजपट्टी चिकटवा. एक टोक दाबाच्या निपलला घट्ट बसवा, दुसरं मोकळं ठेवा आणि निपलचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. एका बाजूचं पाणी खाली जाईल, दुसरीकडचं वर चढेल. दोन पातळ्यांमधलं अंतर 21 सेंटिमीटरच्या जवळपास आलं की दाब बरोबर आहे. आता घरात शेगडीचे सगळे बर्नर लावायला सांगा, भट्टीचे सगळे बर्नर पूर्ण उघडा, आणि पाण्याकडे बघत राहा. अंतर 17 सेंटिमीटरच्या वर टिकलं तर लाइन पुरेशी आहे. 12-13 वर आलं तर पाइप बारीक आहे किंवा मीटर-रेग्युलेटर कमी पडतोय, आणि बर्नरमध्ये कितीही फेरफार केले तरी उपयोग नाही. मोजून झाल्यावर निपलचा व्हॉल्व्ह बंद करा, बूच घट्ट बसवा आणि त्यालाही साबणाचं पाणी लावा.

मीटरही खूप काही सांगतं. शेगडी बंद ठेवून, भट्टी पूर्ण जोरात असताना सहा मिनिटांत आकडा किती पुढं सरकला ते बघा आणि दहानं गुणा. सहा मिनिटांत 0.24 घनमीटर म्हणजे तासाला 2.4. कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहा.

पेटवताना

दार उघडं, डँपर (धुराड्याची झडप) उघडा. गॅसचा वास नाही ना हे आधी बघा. पेटता टॉर्च बर्नरच्या तोंडाशी धरा आणि मग गॅस सोडा, उलट क्रम कधीच नाही. एका वेळी एकच बर्नर. दोन-तीन सेकंदांत पेटला नाही तर गॅस बंद करा, पाच मिनिटं भट्टीला मोकळी हवा मिळू द्या आणि मग पुन्हा. ज्योत निळी आणि टोकदार हवी. पिवळी, लोळणारी असेल तर हवा कमी पडतेय, बर्नरवरची हवेची चकती थोडी उघडा. ज्योत बर्नर सोडून पुढं उडत असेल तर हवा किंवा गॅस जास्त आहे.

पहिली भाजणी रिकामी करा, फक्त शेल्फ आणि कोन (ठरावीक तापाला वाकणारे मातीचे छोटे सुळके) ठेवून. 100 अंशांपर्यंत अतिशय सावकाश, विटांतलं पाणी निघू द्या. 573 अंशांपाशी क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावतं, तिथंही घाई नको, उतरताना तर मुळीच नको. तापमानाच्या आकड्यावर विसंबू नका, कोन वाकतोय का ते बघा: माल किती वेळ किती तापला या दोन्हींचा हिशेब कोनच दाखवतो.

गॅसच्या भट्टीची खरी गोडी रिडक्शनमध्ये आहे, तांब्याचा लाल आणि सेलाडॉनचा हिरवट रंग तिथंच मिळतो. पण रिडक्शन म्हणजे मुद्दाम हवा कमी करणं, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. शेडमध्ये त्याचा अलार्म लावा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे अख्खी गल्ली गच्चीवर झोपते, आणि तुमचं धुराडं शेजाऱ्यांच्या गादीच्या उंचीवर असू शकतं. उन्हाळ्यात पहाटे चारला भट्टी लावा, रिडक्शन दुपारच्या आत उरका. रात्री नकोच. भट्टी चालू असेपर्यंत कोणीतरी तिथं हवंच. ऊन-भट्टी दोन्हींचा ताव असतो, तेव्हा पाळी बदलायला एक जण सोबत घ्या आणि पाण्याची कळशी जवळ ठेवा.

गॅसचा वास आला तर मीटरपाशी व्हॉल्व्ह बंद करा, दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच फोन लावा: मीटरवर लिहिलेला कंपनीचा आपत्कालीन नंबर, नाहीतर 101 किंवा 112. कोरड्या पावडरचं अग्निशामक शेडच्या दारापाशी हवं, भट्टीमागे नाही.

वही

प्रत्येक भाजणीला मीटरचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग लिहा. 10 घनफुटांच्या भट्टीला स्टोनवेअरच्या एका भाजणीत साधारण 15 ते 20 घनमीटर गॅस जाईल असं धरून चाला. चौघांच्या घरी महिनाभराच्या स्वयंपाकाला 12-15 लागतो, त्यावरून बिलाचा अंदाज येईल. त्याच भट्टीला, तेवढ्याच मालाला गॅस हळूहळू वाढत चाललाय असं वहीत दिसलं, तर आधी दाराच्या फटी आणि डँपर तपासा, मग जेटमध्ये कोळ्याचं जाळं किंवा धूळ अडकलीय का ते बघा. पावसाळ्यानंतर पहिली भाजणी लावायच्या आधी साबणाचं पाणी, मॅनोमीटर आणि 'टक्' आवाजाची चाचणी पुन्हा करा, आणि त्याच बनावटीचा एक जादा थर्मोकपल घरात आणून ठेवा.